जंगलातला डायनासोर आणि त्याची चुकलेली शेपटी

सुरंगी (फोंडा)

सप्रेम नमस्कार.

गेल्या जूनमध्ये मी लेकीकडे अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात होते. परतण्याच्या आधीच्या आठवड्यात जावयांनी आम्हां सर्वांना पॅसिफिक महासागराच्या काठाने दक्षिणेकडे नेले. १०१ क्रमांकाचा तो महामार्ग एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला घनदाट रान ठेवून जातो. पोर्ट ऑरफर्ड आणि गोल्ड बीच या दोन गावांच्या मध्ये, रस्त्याला अगदी लागून, गाड्या लावण्याच्या जागेशी एक टिरॅनोसॉरस, म्हणजे टी-रेक्स डायनासोर, उभा होता. माझ्या नऊ वर्षांच्या नातवाने अशी काही हाक मारली की जावयांनी पुढचा विचार न करता गाडी आत वळवली.

त्या जागेचे नाव प्रीहिस्टॉरिक गार्डन्स. अर्नी नेल्सन नावाच्या शिल्पकाराने ती १९५५ मध्ये लोकांसाठी खुली केली आणि पुढे कितीतरी वर्षे तो एकेक प्राणी घडवत राहिला. आज तेथे पूर्णाकृती २३ शिल्पे आहेत. लोखंडाचा सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर सिमेंट आणि सगळ्यांत वर भडक रंग, असे त्यांचे काम आहे. ब्रॅकिओसॉरस ४६ फूट उंच असून त्याच्या पायाशी उभे राहिल्यावर त्याचे डोके फांद्यांत हरवल्यासारखे वाटते. मला मात्र त्या शिल्पांइतकेच ते रान आवडले. कमरेपर्यंत आलेले नेचे, खोडांवर हाताला मऊ लागणारे शेवाळ, पायवाटेवरची ओली काळी माती आणि पाऊस थांबल्यानंतरही पानांवरून बराच वेळ ठिबकत राहणारे पाणी यांमुळे मला आपल्या गोव्यातल्या मोलेच्या श्रावणातल्या रानाची आठवण झाली. एका प्राण्याच्या पायाच्या नखाशी इवलासा नेचा उगवला होता आणि त्याच्या पानांवरचे थेंब त्या रंगवलेल्या नखावरून घरंगळत होते, ते मी वाकून पाहत राहिले.

माझा प्रश्न त्या टिरॅनोसॉरसविषयी आहे. तो माणसासारखा ताठ उभा आहे आणि त्याची शेपटी जमिनीला टेकलेली आहे. नातू त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून आला आणि म्हणाला, "आजी, ह्याची शेपटी चुकली आहे. ती वर पाहिजे. मग हे लोक ती दुरुस्त का करत नाहीत?" मी बत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. मुलांच्या वहीतली चूक दिसली की ती खुणावून दुरुस्त करून घ्यायची, ही हाताला लागलेली सवय आहे. तरीही त्या शिल्पाला कोणी हात लावू नये असे मला आतून वाटले, आणि तसे का वाटले हे मला त्याला सांगता आले नाही. अशी जुनी, आजच्या ज्ञानाप्रमाणे चुकीची ठरलेली शिल्पे सुधारावीत की तशीच ठेवावीत? आपण कोणी अशा जागा पाहिल्या असतील तर आपले अनुभव वाचायला आवडतील.


रानवाट (वाळपई)

सुरंगीताई, तुमच्या नातवाचे निरीक्षण बिनचूक आहे. १९५५ मध्ये टिरॅनोसॉरस असाच उभा दाखवला जात असे आणि मोठमोठ्या संग्रहालयांतले सांगाडेही त्याच पद्धतीने जोडलेले होते. म्हणजे त्या शिल्पकाराने मनाने काही केले नाही, त्याच्या काळातल्या तज्ज्ञांचे म्हणणे त्याने प्रामाणिकपणे सिमेंटमध्ये उतरवले. पुढे १९६९ मध्ये अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ जॉन ऑस्ट्रॉम यांनी डायनोनिकस या चपळ शिकारी डायनासोराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून हे प्राणी सुस्त, अंग ओढत चालणारे होते ही समजूत मागे पडत गेली. डायनासोरांच्या पाऊलखुणा जगभर हजारोंनी सापडल्या आहेत, पण त्यांच्यामागे शेपटी घासत गेल्याच्या रेघा फारच क्वचित दिसतात. शेपटी हवेत असे. पुढच्या जड डोक्याला आणि छातीला ती मागून तोलून धरत असे.

मला वाटते, शिल्प तसेच ठेवावे. ते टिरॅनोसॉरसचे चित्र असेल किंवा नसेल, पण १९५५ मध्ये माणसाला टिरॅनोसॉरस कसा दिसत होता याचे ते अगदी खरे चित्र आहे.


मांडवीकाठ (पणजी)

रानवाट यांचे म्हणणे मोठ्या माणसांच्या बाबतीत योग्य आहे, परंतु अशा जागी येतात ती मुख्यतः मुले. मूल पाटी वाचत नाही, ते शिल्प पाहते, आणि लहानपणी डोळ्यांत भरलेले पुढे पन्नास वर्षे पुसले जात नाही. मी स्वतः चाळिशी ओलांडली तरी डोळे मिटल्यावर मला डायनासोर ताठ उभा आणि शेपटी टेकलेलाच दिसतो, कारण लहानपणी पाहिलेल्या चित्रांत तो तसाच होता. सुरंगीताईंच्या नातवाला आधीच माहीत होते म्हणून चूक कळली. ज्याला माहीत नाही त्या मुलाने काय करावे? माझे मत स्पष्ट आहे की चूक कळली आहे आणि हातात साधने आहेत, तर ती दुरुस्त करावी.


दूरदेशी (मूळ म्हापसा, सध्या लंडन)

या वादात लंडनच्या क्रिस्टल पॅलेस बागेची साक्ष काढल्यावाचून पुढे जाता येणार नाही. दक्षिण लंडनमधल्या या बागेत तळ्याच्या काठाने आणि बेटांवर तीसेक प्राण्यांची शिल्पे आहेत. बेंजामिन वॉटरहाऊस हॉकिन्स या शिल्पकाराने शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांच्या मार्गदर्शनाखाली ती घडवली आणि १८५४ मध्ये ती लोकांना पाहायला मिळाली. ओवेन यांनी 'डायनोसॉरिया' हा शब्द १८४२ मध्ये घडवला होता, त्याला तेव्हा जेमतेम बारा वर्षे झाली होती. (आपल्याकडे जबलपूरला स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला डायनासोराची पहिली हाडे १८२८ मध्ये मिळाली, म्हणजे शब्द जन्माला येण्याच्या आधीच.) शिल्पे तयार होत असताना, १८५३ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री, हॉकिन्सने इग्वानोडॉन या शाकाहारी डायनासोराच्या साच्यात टेबल मांडून शास्त्रज्ञांना जेवायला घातले होते.

त्या इग्वानोडॉनच्या नाकावर एक शिंग आहे. पुढे १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बेर्निसार्ट येथील कोळशाच्या खाणीत या प्राण्याचे सबंध सांगाडे निघाले आणि ते शिंग नसून अंगठ्यावरचा काटा होता हे पक्के झाले. म्हणजे या शिल्पांची चूक एका पिढीच्या आतच उघड झाली होती. तरीही दीडशेहून अधिक वर्षे तो काटा नाकावरच आहे, आणि २००७ मध्ये या शिल्पांना इंग्लंडमधल्या वारसा-वास्तूंची सर्वोच्च श्रेणी मिळाली.

मी मुलीला घेऊन तेथे वरचेवर जातो. तळ्याच्या कठड्याशी उभी राहून ती स्वतःचा अंगठा वर करून नाकाला लावते आणि मग पुन्हा हातावर आणते. मांडवीकाठ, ते शिंग कोणी काढून टाकले असते तर ही गोष्ट तिला मी कोणत्या आधाराने सांगितली असती?


चिरेखाण (डिचोली)

मी स्थापत्य अभियंता आहे आणि शेपटीकडे थोडे बांधकामाच्या नजरेने पाहतो. शेपटी जमिनीला टेकवली की ती शिल्पाचा तिसरा पाय होते. दोन पायांवर उभ्या असलेल्या, वरच्या बाजूला जड असलेल्या काँक्रीटच्या प्राण्याला तिवईसारखा आधार मिळतो. ही शेपटी आज कापून वर उचलायची ठरवली तर ती एका बाजूने धरलेल्या लांब छज्जासारखी होईल. तिचा सगळा ताण कमरेपाशी येईल, आणि तेथे आतमध्ये किती जाडीच्या सळ्या कोणत्या दिशेने घातल्या आहेत हे तोडल्याशिवाय कळणार नाही. त्यामुळे अशी 'दुरुस्ती' म्हणजे जवळजवळ नवे शिल्प करण्यासारखेच आहे. त्या काळच्या शास्त्राने सांगितलेली शेपटी शिल्पकाराच्या सोयीचीही होती, ही गोष्ट मला फार लोभस वाटते.

आता दुसरी बाजू सांगतो. शिल्प 'तसेच ठेवणे' म्हणजे त्याला हात न लावणे नव्हे. दमट हवेत काँक्रीटच्या बारीक भेगांतून पाणी आत जाते आणि सळी गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे आतून दाब येऊन वरचा थर फुटतो. समुद्र जवळ असेल तर हवेतले मीठ हे काम आणखी लवकर करते. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. काही वर्षांपूर्वी गोव्यातल्याच एका बागेतल्या सिमेंटच्या मगरीची तपासणी करण्यासाठी मला बोलावले होते. लांबून ती धडधाकट दिसत होती, नुकताच हिरवा रंगही दिला होता. मी छोट्या हातोडीने पाठीवर ठोकत गेलो, तेव्हा डोक्यापासून पोटापर्यंत टणटणीत आवाज येत होता आणि शेपटीशी तो एकदम बद्द झाला. तेथला गिलावा हाताने सुटून आला आणि आतली सळी पेन्सिलीच्या शिशाएवढी उरली होती. त्या बागेत दर वर्षी रंगावर खर्च झाला होता, भेगा भरण्यावर एकदाही झाला नव्हता. मुले त्या मगरीच्या पाठीवर बसत असत, याचा मला आजही त्रास होतो.

म्हणून सुधारावे की ठेवावे हे ठरवण्याआधी, जे आहे ते ठोकून पाहणारा एक माणूस दर वर्षी पावसाळ्यानंतर यायला हवा.


सुरंगी (फोंडा)

चिरेखाण, तिसऱ्या पायाची गोष्ट मी नातवाला फोनवर सांगितली. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे त्या काकांना शेपटी वर करायची असती तरी ते पडलं असतं?" त्याच्या प्रश्नात शिल्पकाराविषयी पहिल्यांदाच आपुलकी जाणवली.


अबोली (साखळी)

तोलाचा हा प्रश्न आमच्या वाड्यावरची मुले दर दिवाळीला सोडवतात. नरकासुराच्या पुतळ्याचा सांगाडा लोखंडी सळ्यांचा किंवा बांबूचा करायचा, त्यात सुके गवत भरायचे, वरून खळीने कागद चिकटवायचे आणि मग रंग काढायचा. एका वर्षी माझ्या भावाने नरकासुर एका पायावर, दुसरा पाय उचललेला, असा करायचे ठरवले. संध्याकाळपर्यंत सगळे ठीक होते. रात्री मुखवटा बसवल्यावर तो हळूहळू पुढे कलू लागला आणि शेवटी मुलांनी त्याच्या हातातली गदा लांबवून जमिनीला टेकवली. बघणाऱ्यांना ती ऐट वाटली, पण तो तिसरा पाय होता हे आम्हांला ठाऊक होते.

मूळ प्रश्नाविषयी मला वेगळे वाटते. आपल्याकडची मोठी शिल्पे राहण्यासाठी केलेलीच नसतात. नरकासुर पहाटे जळतो आणि चवथीचा गणपती विसर्जित होतो. चित्रशाळेत दर वर्षी नवी माती मळली जाते आणि कालच्या मूर्तीत जे साधले नाही ते कारागीर आजच्या मूर्तीत साधतो. त्यामुळे जुनी मूर्ती दुरुस्त करण्याची वेळच येत नाही. सिमेंटच्या बाबतीत हे शक्य नाही, हे खरे. मग जुन्याला तसेच ठेवून त्याच्या शेजारी नवे का करू नये? जुना ताठ, नवा आडवा, आणि दोघांच्या मधून मुलांनी चालत जावे.


मांडवीकाठ (पणजी)

अबोली यांची सूचना मला पटते. पण तेवढी जागा आणि तेवढा पैसा नसेल तर दुरुस्ती हाच मार्ग उरतो, असे मी अजूनही म्हणेन.


खडकमाळ (मडगाव)

मी भूशास्त्राचा विद्यार्थी होतो, म्हणून मांडवीकाठ यांच्या 'दुरुस्ती' या शब्दापाशी थोडा वेळ थांबतो. कोणत्या वर्षाच्या ज्ञानाप्रमाणे दुरुस्ती करायची?

पिसांचेच पाहा. १९९६ मध्ये चीनमधून सायनोसॉरोप्टेरिक्स या लहान डायनासोराच्या अंगावर पिसांसारखे तंतू असल्याचे जगासमोर आले. २०१२ मध्ये टिरॅनोसॉरसच्या कुळातल्याच युटिरॅनस या मोठ्या प्राण्याच्या अंगावरही तसेच तंतू आढळले. त्या वर्षी कोणी हौसेने ऑरेगनच्या त्या शिल्पाला पिसे लावली असती, तर २०१७ मध्ये टिरॅनोसॉरसच्या कातडीचे खवलेदार ठसे अभ्यासले गेल्यावर त्यातली बरीचशी उपटावी लागली असती.

याहून जवळचे उदाहरण महाराष्ट्रातले आहे. डायनासोरांच्या चित्रात गवत काढू नये, कारण त्या काळी गवत नव्हते, असे चित्रकारांना कित्येक वर्षे बजावले जात असे. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथे अजस्र शाकाहारी डायनासोरांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. २००५ मध्ये त्या गोळ्यांत गवताचे सिकतकण, म्हणजे वनस्पतीच्या पेशींत तयार होणारे वाळूसारखे सूक्ष्म कण, ओळखले गेले, आणि २०११ मध्ये त्यांतले काही भाताच्या गोत्रातले असल्याचे प्रसिद्ध झाले. ज्या चित्रकाराने चुकून गवत काढले होते त्याचे चित्र निदान आपल्या देशापुरते बरोबर ठरले, आणि ज्याने काळजीपूर्वक गवत खोडले त्याची दुरुस्तीच चुकली. शितकडीवर, म्हणजे भात-कालवणावर, वाढलेल्या माणसाला भाताचे पूर्वज इतके जुने आहेत हे वाचून किती आनंद होतो, हे गोंयकाराला वेगळे सांगायला नको.

गोव्यात डायनासोरांचे जीवाश्म का नाहीत, असे मला नेहमी विचारले जाते. आपला बहुतेक खडक त्यांच्याहून कितीतरी जुना आहे, त्यातला काही तर २५० कोटी वर्षांपलीकडचा आहे, आणि तो उष्णतेने व दाबाने पार बदलून गेलेला आहे. सत्तरीच्या बाजूला घाटमाथ्याशी दख्खनचा काळा पाषाण थोडासा येतो, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्या काळात येथे प्राणी नव्हते असा याचा अर्थ होत नाही, त्यांची हाडे जपून ठेवणारा गाळाचा खडक आपल्याकडे नाही इतकाच होतो. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत मादागास्कर आपल्या पश्चिम किनाऱ्याला चिकटून होते. मालपेसमोरच्या सेंट मेरी बेटांवरचे उभ्या खांबांसारखे खडक त्याच फाटाफुटीच्या वेळचे आहेत. नर्मदेच्या खोऱ्यातला राजासॉरस आणि मादागास्करचा मजुंगासॉरस हे शिकारी डायनासोर एकाच कुळातले आहेत, त्याचे मूळ या जुन्या शेजारात आहे. आज आपण ज्याला किनारा म्हणतो, तेथून त्यांच्या पूर्वजांना समुद्र न ओलांडता पलीकडे जाता येत होते.


कुळागर (सावईवेरे)

सुरंगीताईंनी नेच्यांचा उल्लेख केला आहे, त्यात एक भर घालतो. पश्चिम घाटात आजही झाडाएवढे वाढणारे नेचे आहेत आणि सायकसही आहे. या दोन्ही वनस्पतींची घराणी डायनासोरांच्या काळापासून चालत आली आहेत. म्हणजे अशा बागेत सिमेंटचा प्राणी चुकला तरी त्याच्या पायाशी उगवलेला नेचा चुकत नाही.


सह्यपुत्र (धारबांदोडा)

ही चर्चा वाचताना मनात आले की अनमोड घाटाच्या रस्त्याला अशी बाग का होऊ नये? रान आहे, पाऊस आहे, रहदारी आहे. दूधसागरला जाणारे पर्यटक वाटेत थांबतील आणि आमच्या तालुक्यातल्या मुलांना घराजवळ काम मिळेल. आज त्यांना रोज पणजी किंवा वेर्णा गाठावे लागते.


रानवाट (वाळपई)

सह्यपुत्र, रोजगाराची तुमची तळमळ मला पूर्ण मान्य आहे, पण जागेला माझा ठाम विरोध आहे. अनमोडचा रस्ता भगवान महावीर अभयारण्यातून जातो. ते सुमारे २४० चौरस किलोमीटरचे आहे, आणि उत्तरेला म्हादईचे २०८ व दक्षिणेला नेत्रावळीचे २११ चौरस किलोमीटर धरले तर घाटाच्या कडेने प्राण्यांना फिरण्यासाठी उरलेला हाच सलग पट्टा आहे. ऑरेगनमधली ती बाग १९५५ ची आहे आणि एका माणसाने स्वतःच्या जागेत, झाडे राखून, हळूहळू उभी केलेली आहे. आज आपण नव्याने काही करायचे म्हटले की गाड्यांसाठी सपाटी, दिवे, खाण्याचे गाडे आणि प्लास्टिक हे सगळे त्याच्याबरोबर येते. रस्त्यावर रात्री मरून पडलेले साळिंदर मी स्वतः उचलून बाजूला ठेवले आहे. गवा जेथे संध्याकाळी पाण्यावर येतो तेथे सिमेंटचा प्राणी उभा करून आपण मुलांना काय दाखवणार आहोत?

काम बंद पडलेल्या चिरेखाणी, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणी, आपल्याकडे गावोगाव आहेत. उभ्या कापलेल्या तांबड्या भिंती, तळाशी साचलेले पाणी, कडेने वाढलेली झुडपे. अशा जागेवर करा, मी स्वतः झाडे लावायला येईन. जांभ्या दगडातही मोठे काम होते, लोटलीला 'बिग फूट' या संग्रहालयात एकसंध जांभ्यात कोरलेली आडवी संत मीराबाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे ठाऊक आहे. आणि सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्याच्या सड्यावर आपल्याच पूर्वजांनी कोरलेले बैल, हरणे आणि मोर आहेत, ते १९९३ मध्ये जगापुढे आले. त्यांतला एकही प्राणी 'दुरुस्त' करावा असे कोणी म्हणत नाही.


सह्यपुत्र (धारबांदोडा)

अभयारण्याची हद्द मी लक्षात घेतली नव्हती, ती सूचना मागे घेतो. चिरेखाणीची कल्पना मात्र मनात घर करून बसली आहे. आमच्या वाड्यामागे एक खाण आहे.


पाऊलवाट (पेडणे)

आम्ही दोन वर्षांपूर्वी गुजरातमध्ये बालासिनोरजवळच्या रैयोलीला गेलो होतो. राजासॉरसला २००३ मध्ये नाव मिळाले ते याच परिसरातल्या हाडांवरून. तेथे शिल्पेही आहेत आणि २०१९ मध्ये सुरू झालेले संग्रहालयही आहे, पण माझा मुलगा रमला तो खडकापाशी. त्याला दृष्टी अगदी कमी आहे. मार्गदर्शकाने त्याचा हात धरून खडकावरच्या एका गोल उंचवट्यावर ठेवला आणि हे अंडे आहे असे सांगितले. मुलाने बोटे त्याच्या कडेने पूर्ण फिरवली, मग परत उलट दिशेने फिरवली, आणि विचारले, "हे उबवलं का नाही?" नंतर बाहेरच्या शिल्पाचा पाय त्याने वितीवितीने मोजला. अंड्यापासून एवढ्या पायापर्यंत हा प्राणी वाढायचा, हे त्याला हातांनीच कळले.

म्हणून मांडवीकाठ यांच्या काळजीत मी थोडा सहभागी आहे. माझ्या मुलासाठी शिल्प म्हणजेच पाटी आहे. त्याच्या हाताला शेपटी जमिनीवर लागली तर त्याच्यासाठी ती जमिनीवरच असते. त्याला कोणीतरी तोंडाने सांगणारे लागते.


मांडवीकाठ (पणजी)

पाऊलवाट, आपल्या या एका अनुभवाने माझ्या मनातला गुंता सुटला. मी शिल्पाला सुधारा म्हणत होतो, कारण मूल एकटेच शिल्पासमोर उभे आहे असे मी धरून चाललो होतो. खडकमाळ यांचे म्हणणेही मला मान्य करावे लागेल, कारण पिसे लावून पुन्हा उपटण्याला काही अंत नाही. शिल्प तसेच ठेवावे, हे मी आता मान्य करतो. माझी अट एवढीच आहे की शेपटीची गोष्ट मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, शिल्पाच्या आधी, वाटेतच लिहिलेली असावी, जाड उठावदार अक्षरांत आणि ब्रेलमध्येही असावी, आणि सांगणारा एक माणूस तेथे असावा. पाटी शिल्पाच्या मागे झुडपात गेली असेल तर ती असून नसल्यासारखीच आहे.


दूरदेशी (मूळ म्हापसा, सध्या लंडन)

आणि पाटीवर वर्ष लिहिलेले असावे. 'आज असे मानतात' यातला 'आज' कोणता, हे पुढच्या वाचकाला कळायला हवे.


सुरंगी (फोंडा)

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिले, मी आभारी आहे. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले आहे आणि ते मी रविवारी नातवाला वाचून दाखवले. इग्वानोडॉनच्या अंगठ्याशी तो हसला. भाताच्या गोष्टीवर त्याने मला तीन वेळा थांबवले. अंडे उबवले का नाही, हा प्रश्न त्याने आपल्या वहीत लिहून घेतला. पाऊलवाट, तुमच्या मुलाने तो विचारला आहे असे मी त्याला सांगितले.

मग त्याने मला त्या टिरॅनोसॉरसचा आम्ही काढलेला फोटो पुन्हा उघडायला लावला. "आजी, ह्याच्या पाटीवर काय लिहायचं ते मला सुचलं," असे म्हणून त्याने सांगितले ते त्याच्याच शब्दांत देते: "हा १९५५ चा टी-रेक्स आहे. त्याची शेपटी त्याला उभं राहायला मदत करते. खऱ्या टी-रेक्सची शेपटी त्याला पळायला मदत करत होती."

लेक आणि जावई या दिवाळीला फोंड्याला येत आहेत. अबोली, त्याला तुमच्या भावाबरोबर एक काम करायचे आहे. बांबूचा आणि गवताचा, माणसाच्या उंचीचा राजासॉरस, शेपटी वर असलेला, आणि तिसरा पाय न लावता. तो जाळायचा नाही, असे त्याने आत्ताच बजावले आहे. हे जमेल का?


अबोली (साखळी)

भाऊ म्हणतो, अवश्य पाठवा. गवत आम्ही आधीच सुकवून ठेवतो, खळ मी करीन.


चिरेखाण (डिचोली)

जमेल. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत एकच सलग बांबू घ्या, मध्ये जोड नको. त्याला आधी दोरीने टांगून तो कोठे समतोल राहतो ते पाहा आणि त्या बिंदूखालीच पाय येऊ द्या. मुखवटा बसवल्यावर तो पुढे कलेल, त्यासाठी शेपटीच्या शेवटच्या हातभर भागात गवताऐवजी ओली वाळू भरलेल्या लहान पिशव्या घाला, एकेक करून, तो सरळ होईपर्यंत. पंजे रुंद करा आणि त्यांत चिऱ्याचे तुकडे भरा. नातवाला पिशव्या स्वतः घालू द्या, कोणत्या पिशवीला तो उभा राहतो ते त्याने मोजावे.